मदत हवी आहे: काको-२ पेशींना (आतड्याच्या अस्तराचं मॉडेल) सीबीडी (गांजातलं नशा न आणणारं संयुग) देताना सीरम किती ठेवावं?

ट्रान्सवेलवर (सच्छिद्र पडद्याचा, वर-खाली दोन कप्पे करणारा इन्सर्ट) २१ दिवस वाढवलेला काको-२ चा थर आहे. खालच्या कप्प्यातून आधी इंटरफेरॉन-गॅमा, मग टीएनएफ-अल्फा देतो (दोन्ही दाह घडवणारी प्रथिनं). टीईईआर (थराचा विद्युतरोध; थर किती घट्ट आहे ते दाखवतो) नीट घसरतो, म्हणजे मॉडेल चालतंय. अडतंय सीबीडीपाशी: त्याने हा दाह उतरतो का, ते पाहायचंय.

१० टक्के एफबीएस (वासराच्या भ्रूणाचं सीरम) असताना १० मायक्रोमोलरला काहीच फरक नाही, कारण बहुतेक सीबीडी सीरममधल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटतं. सीरम पूर्ण काढलं की त्याच मात्रेला कडेच्या पेशी गोल होऊन सुटतात, एलडीएच (मरणाऱ्या पेशींतून बाहेर पडणारं एन्झाइम) वाढतं. मग आयएल-८ (दाहाचा संकेत देणारं प्रथिन) घटलं ते दाह उतरल्यामुळे की पेशी मेल्यामुळे, हे कळत नाही. सीरमशिवाय १ मायक्रोमोलरला पेशी टिकतात, पण परिणाम दिसत नाही.

डीएमएसओ (सीबीडी विरघळवणारा द्रव) सगळीकडे ०.१ टक्का, फक्त-डीएमएसओचा कंट्रोलही आहे. स्टॉक अंबर काचेत उणे २० ला. सीबीडी प्लास्टिकलाही चिकटतं, म्हणून विरलन काचेतच करतो. टीईईआर प्लेट खोलीच्या तापमानाला आल्यावरच मोजतो.

परवान्याअभावी टीएचसी (गांजातलं नशा आणणारं संयुग) किंवा गांजाचा पूर्ण अर्क वापरता येणार नाही. एलसी-एमएस (नमुन्यात सीबीडी नेमकं किती ते मोजणारं यंत्र) मोजक्याच नमुन्यांसाठी मिळतं. मात्रेचा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो: क्रोनच्या (आतड्याच्या दीर्घकालीन दाहाचा आजार) रुग्णांवरच्या २०१७ च्या छोट्या इस्रायली चाचणीत रोज दोनदा १० मिलिग्रॅम सीबीडीने फायदा झाला नव्हता. उंदरांवर डीएसएस कोलायटिसकडे (डीएसएस हे रसायन देऊन घडवलेला मोठ्या आतड्याचा दाह) जाण्याआधी हे सुटायला हवं.

१ टक्का सीरम घ्यावं की फॅटी ॲसिडविरहित बीएसए (गायीच्या सीरममधलं अल्ब्युमिन), आणि किती टक्के? ४८ तास थर शाबूत राहून मोकळं सीबीडी परिणामापुरतं उरेल असं माध्यम कुणी वापरलंय का? आणि एलसी-एमएसचे मोजके नमुने वरच्या कप्प्यातून घ्यावेत की इन्सर्टच्या पडद्यावरून?