गिरणगावात गेलेल्या बेळगावकडच्या माणसांवर पीएच.डी. करतेय. सुरुवात कुठून करू?

खानापूरकरीण

नमस्कार मंडळी,

मी खानापूर तालुक्यातली. इतिहासात एम.ए. झालं, यंदा पीएच.डी.ला नोंदणी केली. विषय मुंबईचा घेतलाय: आपल्या भागातून गिरण्यांत गेलेली माणसं, १९०० पासून १९८२ च्या संपापर्यंत. मार्गदर्शक बाई म्हणाल्या, "विषय चांगला आहे, पण हा पाच जणांचा विषय आहे. आवर."

माझा आज्जा १९५४ साली सोळाव्या वर्षी मुंबईला गेला, लोअर परळला त्रासन खात्यात, म्हणजे सूतकताईला, लागला. संपानंतर वर्षभर वाट बघितली आणि ट्रंक घेऊन गावी आला, तो परत गेला नाही. ती ट्रंक अजून माळ्यावर आहे. झाकणावर पांढऱ्या रंगात नाव, मुक्काम, पोस्ट, तालुका खानापूर, जिल्हा बेळगाव, आणि शेवटी "राज्य मुंबई". लहानपणी मला वाटायचं, पेंटरनं चूक केली.

मुंबईत आमचं आता कुणी राहिलेलं नाही. सहा महिने तिथं राहायचं म्हटलं तर खर्च झेपणार नाही. दुसरीकडे, गावातली गिरणीत काम केलेली माणसं एकेक करून जातायत. गेल्या पावसाळ्यात दोघं गेले. मग आधी मुलाखती घ्याव्यात की आधी दप्तर बघावं? कुणी असं काम केलं असेल तर कृपया सांगा.

शहापूर पेठ

आधी मुलाखती, ताई. कागद दहा वर्षांनीही तिथंच असतील.

आणि म्हाताऱ्या माणसांना साल विचारू नका, सापडत नाही. खूण विचारा. आपल्याकडे १७ जानेवारीचा हुतात्मा दिन सगळ्यांना पाठ असतो, कारण १९५६ ला त्या दिवशी बेळगावात गोळीबार झाला. गिरणी संप लागला १८ जानेवारी १९८२ ला. माझ्या काकांना संपाची तारीख आठवेना. "हुतात्मा दिनाच्या दुसऱ्या दिवशी," म्हटल्यावर त्या सकाळी कोण कोण गेटवर होतं इथपर्यंत सगळं बाहेर आलं.

दप्तरी

मी पुण्यात असतो, मूळचा बेळगुंदीचा. स्थलांतरावर थोडंफार काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आज्जाच्या ट्रंकेवर पेंटरनं काही चुकवलेलं नाही. १९५४ साली बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातच होता. १ नोव्हेंबर १९५६ ला तो म्हैसूर राज्यात गेला. तुमच्या अभ्यासातली सगळ्यात मोठी अडचण हीच आहे आणि सगळ्यात मोठी संधीही. मुंबईच्या जुन्या जनगणनेत लोकांचा जन्म कुठल्या जिल्ह्यात झाला याची कोष्टकं आहेत. त्यात रत्नागिरी सगळ्यात वर असते. बेळगाव मुंबई इलाख्यातलाच (ब्रिटिशांच्या मुंबई प्रांतातलाच) जिल्हा असल्यानं त्याचा वेगळा आकडा मिळतो. पण १९५१ आणि १९६१ शेजारी ठेवून "बेळगावची माणसं कमी झाली" असं लिहिलंत तर फसाल. मधल्या काळात चंदगड तालुका बेळगावातून काढून कोल्हापूरला जोडला आणि उरलेला जिल्हा परराज्य झाला. माणूस त्याच चाळीत, त्याच खोलीत, फक्त त्याचा रकाना बदलला. बेळगावला लागूनचं शहापूर तर स्वातंत्र्याआधी सांगली संस्थानात होतं. म्हणजे बेळगाव स्टेशनवरून एकाच गाडीत बसलेले दोघे शेजारी मुंबईत पोचल्यावर दोन वेगळ्या खात्यांत मोजले जायचे. हे कुणीतरी नीट मांडायलाच हवं, आणि ते सीमाभागातल्या माणसानं मांडावं असं मला मनापासून वाटतं.

आता विषय आवरण्याबद्दल. १९२१ च्या जनगणनेत मुंबईत राहणाऱ्यांपैकी शहरातच जन्मलेले जेमतेम १६ टक्के होते आणि दर हजार पुरुषांमागे बायका सव्वापाचशेच्या आसपास. याचा अर्थ असा की मुंबईच्या कामगाराचं निम्मं घर मुंबईत नव्हतंच. ते नंदगडला होतं, जांबोटीला होतं, चंदगडला होतं. मुंबईचा इतिहास लिहिणाऱ्या बहुतेकांनी चाळ, संप, युनियन बघितली. गावातलं निम्मं घर त्यांच्या हातात नव्हतं, तुमच्या हातात आहे. म्हणून सल्ला एवढाच: १९०० सोडा, १९८२ चा संपही मुख्य विषय करू नका. त्यावर भरपूर झालंय. दोन-तीन गावं धरा, ट्रंकेवरचं "राज्य मुंबई" धरा आणि १९५६ च्या अलीकडे-पलीकडे वीसेक वर्षं घ्या.

सहा महिने मुंबईत राहायची गरज नाही. आधी घरी बसून होईल तेवढं उरका. जुने जनगणना खंड आणि १८८४ चं बेळगाव गॅझेटिअर इंटरनेट आर्काइव्हवर फुकट मिळतं. १९०९-१० चं मुंबई शहराचं तीन खंडांचं गॅझेटिअरही तिथंच आहे. मुंबई सरकारचं लेबर ऑफिस १९२१ ला सुरू झालं. त्यांचं लेबर गॅझेट आणि गिरणी कामगारांच्या घरखर्चाची १९२० च्या दशकातली पाहणी अवश्य वाचा. भाडं, धान्य, कर्ज, गावी पाठवलेले पैसे असं सगळं त्यात येतं. १९२९ ला नेमलेल्या रॉयल कमिशन ऑन लेबरपुढच्या साक्षीही बघा, त्यांत मुंबई इलाख्याचा वेगळा भाग आहे. या जुन्या सरकारी छापील मालासाठी पुण्यात गोखले इन्स्टिट्यूटचं ग्रंथालय गाठा. बेळगावहून रात्रीच्या गाडीनं येऊन दिवसभर बसून परत जाता येतं.

मुंबईत काळा घोड्याला, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्य पुराभिलेखागार आहे. तिथं जाल तेव्हा नेमक्या फायलींची यादी हातात घेऊनच जा, म्हणजे पंधरा दिवस पुरतील. विद्यापीठाचं आणि मार्गदर्शकांचं पत्र, ओळखपत्र, फोटो असं सगळं दोन-दोन प्रतींत ठेवा. मला एका ग्रंथालयानं पत्रावर शिक्का नाही म्हणून दारातून परत पाठवलं होतं. गाडीभाडं गेलं ते गेलंच, पण तो दिवस अजून सलतो.

चंदगडी पावणा

दप्तरी साहेबांनी कागदाचं सांगितलं, मी खोलीचं सांगतो.

लालबाग, डिलाईल रोड, शिवडीकडं घाटावरच्या गावांच्या सामाईक खोल्या असायच्या. दहा बाय बाराची खोली, माणसं वीस-बावीस. तीन पाळ्या, म्हणून तेवढी मावायची: एक उठला की त्याच जागी दुसरा आडवा. ट्रंका भिंतीला रचलेल्या, वळकट्या दोरीवर. जेवण महिन्याच्या बोलीवर खानावळीत. या खानावळी चालवणाऱ्या बायकांना विसरू नका, त्याही बहुतेक गिरणीवाल्यांच्याच घरच्या. १९७५ ला प्रेमा पुरव यांनी त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. त्यातल्या कुणी भेटल्या तर पहिलं त्यांच्याकडं जा.

तर मुद्दा हा, की प्रत्येक गावच्या खोलीची एक वही असते. भाडं कुणी दिलं, नवीन पोरगा कुणाच्या ओळखीनं आला, कोण आजारी, कोण गावी गेला. आमच्या गावची वही मी स्वतः चाळलीय. एका जूनमध्ये ओळीनं नऊ नावांपुढं एकच शेरा: "लावणीस गावी." आणि त्याच महिन्यात खाली तीन नवीन नावं, "बदलीवर". नऊ जण भाताची रोपं लावायला गेले आणि त्यांच्या जागी गावचेच तीन बदली म्हणून उभे राहिले! हे कुठल्या सरकारी कागदात सापडणार? अशा वह्या आता मुंबईत कमी, गावात जास्त सापडतील. खोली विकली तेव्हा जो शेवटचा खजिनदार होता त्याच्या घरी विचारा.

अजून एक. घराघरात एक प्लॅस्टिकची पिशवी असते. गिरणीचं तिकीट, हजेरी कार्ड, ईएसआयचं (कामगार विम्याचं) कार्ड, फंडाची पावती. गिरणी कामगारांना द्यायच्या, गिरण्यांच्या जमिनीवरच्या घरांसाठी १ जानेवारी १९८२ ला किंवा नंतर कामावर असल्याचा पुरावा मागितला, तेव्हापासून लोकांनी ती देवासारखी जपलीय. तुम्ही ती बघायला मागाल तेव्हा घरातले आशेनं तुमच्या तोंडाकडं बघतील. म्हणून उंबऱ्यातच सांगायचं, "मी घराच्या कामासाठी आलेली नाही, मी शिकतेय." मूळ कागद घरी न्यायचा नाही. तिथंच, त्यांच्या डोळ्यासमोर फोटो काढायचा आणि पिशवी त्यांच्या हातात परत द्यायची.

उचगावची अक्का

नातू टाईप करतोय, मी सांगतो.

पोरी, माझं लगीन १९६८ ला झालं. मालक करी रोडला, साचेखात्यात, म्हंजे कापड विणायच्या मागावर. मी मुंबई बघितलो ती एकदाच, दोन महिने, दवाखान्यापायी. बाकी जलम हितंच. सासू, दोन म्हशी, भाताचं शेत.

मनीऑर्डर यायची मामंजींच्या नावावर. तिच्या खालच्या कुपनावर दोन ओळी असायच्या. घरात कुणाला वाचाय येत न्हवतं, म्हणून पोस्टमन अंगणात उभा राहून मोठ्यानं वाचायचा. शेजारपाजार गोळा व्हायचा. बायकोला काय लिवणार मग त्यात? "सर्वांस नमस्कार. पाऊस कळविणे." आणि शेवटी दर खेपेला, "परसातल्या अबोलीला पाणी घालणे." आमच्या परसात अबोली न्हवती. मला वाटलं ईसरले असतील. गणपतीला आले तवा इचारलो, तर हसले आणि म्हणाले, ती तूच की. तवापासनं कुपनं टाकलो न्हाई. खोबरेल तेलाच्या डब्यात हाईत, येऊन बघ.

म्हणून सांगतो, बायकांना "तुमचे मालक मुंबईत काय करत होते" असं इचारू नको. त्यांना ते धड ठाव नसतंय. "पैसे कुणाच्या हातात पडायचे" असं इचार. "मालक नसताना शेताची पाळी कोण करायचं," "पोराला ताप आला तर कुणाकडं जायचासा" असं इचार. मग थांबायच्या न्हाईत. आणि सासू-सुनंला एकत्र बसवून इचारू नको.

निपाणीचा

एक विनंती. गावात गेलात की पहिल्या आळीवर थांबू नका. आमच्या वस्तीतलीही माणसं गिरणीत होती, पण साचेखात्यात त्यांना घेत नसत. तिथं धोट्याच्या (मागावर आडवं सूत नेणाऱ्या साधनाच्या) भोकातून सूत तोंडानं ओढून घ्यावं लागे, आणि दलिताच्या तोंडाला लागलेला धोटा इतरांना चालत नसे. पगार बरा तिथंच होता. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला होता. माझे आजोबा शेवटपर्यंत त्रासनमध्येच राहिले आणि का, ते आम्हाला त्यांनी कधी सांगितलं नाही. एका इतिहासाच्या सरांकडून कळलं. एकाच गावची दोन वेगळी मुंबई होती, ताई. दोन्ही लिहा.

शहापूर पेठ

खालच्या वस्तीत मुलाखती घेताना सोबत गावातला पुढारी नको, एवढं माझं. कुणी मोकळं बोलत नाही.

खानापूरकरीण

सगळ्यांचे मनापासून आभार. निपाणीच्या दादांचं वाचून थांबले, कारण माझा आज्जाही त्रासनमध्ये होता आणि ते का, हे मी कधी विचारलं नाही. आमचं घर मराठ्यांचं, म्हणजे कारण वेगळं असणार, पण विचारायला हवं होतं.

काल मार्गदर्शक बाईंशी बोलले. दोन गावं पक्की झाली, एक खानापुरातलं, एक चंदगडमधलं. १९५६ पर्यंत दोन्ही एकाच जिल्ह्यात, नंतर दोन राज्यांत. काळ १९४५ ते १९६५. चंदगडसाठी कोल्हापूरला चकरा होतील, त्या झेपतील.

काल आमच्या गावच्या मराठी शाळेत मुख्याध्यापकांनी जुनं जनरल रजिस्टर काढून दिलं. "शाळा सोडल्याचे कारण" या रकान्यात १९५० ते १९५५ मध्ये चौदा वेळा "मुंबईस गेला" असं लिहिलंय. आज्जाचं नावही आहे, इयत्ता सातवी. त्याच्या वरच्या आणि खालच्या ओळीतली दोन्ही पोरंही त्याच आठवड्यात गेलेली. एकत्रच निघाले असणार. खालच्या ओळीतले अजून आहेत, नंदगडला मुलीकडे असतात.

अक्का, तुमच्याकडे कधी येऊ?

उचगावची अक्का

रविवारी ये. सून माहेरला जाणार हाय.