दोन सभागृहांचं पटलं नाही तर विधेयकाचं काय होतं?

भंवरकुआ_अभ्यासिका
नमस्कार मंडळी. इंदूरला राज्यसेवा मुख्य परीक्षेची तयारी चालू आहे. विधेयकाच्या पायऱ्या पाठ आहेत, पण दोन सभागृहांत मतभेद झाला की गाडी अडते. तीन शंका:
१. राज्यसभेनं विधेयक अडवलं की दर वेळी दोन्ही सभागृहांची संयुक्त बैठक होते का?
२. महाराष्ट्राच्या विधान परिषदेला राज्यसभेइतकाच अधिकार आहे का?
३. अनुच्छेद १६८ मध्ये दोन सभागृहांच्या राज्यांत मध्य प्रदेशचंही नाव आहे. भोपाळला तर एकच विधानसभा. छपाईची चूक समजायची का?

रामबाग_वाचक
तिसरी आधी, ती सोपी आहे. छपाई बरोबर आहे. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीनं मध्य प्रदेशसाठी विधान परिषदेची तरतूद केली, पण ती लागू होण्याची तारीख राष्ट्रपतींच्या अधिसूचनेनं ठरायची होती. ती अधिसूचना निघालीच नाही, म्हणून नाव आहे आणि सभागृह नाही. आज विधान परिषदा सहाच राज्यांत आहेत: उत्तर प्रदेश, बिहार, महाराष्ट्र, कर्नाटक, आंध्र प्रदेश, तेलंगण.

आता पहिली. संयुक्त बैठक अनुच्छेद १०८ खाली, आणि फक्त साध्या विधेयकावर. घटनादुरुस्ती विधेयक प्रत्येक सभागृहानं स्वतंत्रपणे, एकूण सदस्यसंख्येच्या बहुमतानं आणि हजर राहून मत देणाऱ्यांच्या दोन तृतीयांशानं मंजूर करावं लागतं. एका सभागृहात पडलं की तिथेच संपलं. धन विधेयकावर (फक्त कर, सरकारी खर्च, कर्ज अशा पैशाच्या बाबींच्या) राज्यसभेला १४ दिवस मिळतात आणि ती फक्त शिफारशी करू शकते. २०१६ च्या आधार विधेयकावर राज्यसभेनं पाच दुरुस्त्या सुचवल्या, लोकसभेनं त्या त्याच दिवशी फेटाळल्या, आणि विधेयक मंजूर झालं.

साध्या विधेयकाला बैठकीची कारणं तीन: दुसऱ्या सभागृहानं फेटाळलं, दुरुस्त्यांवर शेवटपर्यंत एकमत झालं नाही, किंवा विधेयक मिळाल्यापासून सहा महिन्यांहून जास्त काळ ते मंजूरच केलं नाही. हे सहा महिने मोजताना उत्तरं हमखास चुकतात. सत्रसमाप्तीचा (एक अधिवेशन संपल्यापासून पुढचं सुरू होईपर्यंतचा) काळ आणि सलग चार दिवसांपेक्षा जास्त तहकुबीचा काळ यात धरत नाहीत. त्यामुळे कॅलेंडरवर वर्ष उलटलं तरी घटनेच्या हिशेबानं सहा महिने भरलेले नसतात.

फेटाळलं असेल तर थांबायची गरजच नाही. २००२ मध्ये पोटा (दहशतवादविरोधी कायद्याचं) विधेयक लोकसभेनं १८ मार्चला मंजूर केलं, राज्यसभेनं २१ ला फेटाळलं आणि २६ ला संयुक्त बैठकीत ते ४२५ विरुद्ध २९६ मतांनी मंजूर झालं. आजवर संयुक्त बैठक तीनच वेळा झाली: १९६१ (हुंडा प्रतिबंध), १९७८ (बँकिंग सेवा आयोग रद्द करणं) आणि २००२. बैठक राष्ट्रपती बोलावतात, अध्यक्षस्थानी लोकसभेचे अध्यक्ष असतात. राष्ट्रपतींना वाटलं तर बोलावतात, सक्ती नाही. म्हणून ‘दर वेळी’ हे उत्तर चूक.

खंडवा_रोड
दुरुस्त्यांवरून तंटा कुठून सुरू होतो तेही पाहून ठेवा, उत्तराला वजन येतं. दुसऱ्या वाचनात आधी विधेयकाच्या तत्त्वावर चर्चा होते, मग खंडनिहाय (एकेका कलमावर) विचार. अध्यक्ष खंड २ पासून सुरू करतात. ज्या सदस्याची दुरुस्ती असेल तो ती मांडतो, तिच्यावर मत घेतात, मग ‘हा खंड विधेयकाचा भाग व्हावा’ असा प्रश्न मतास टाकतात. परिशिष्टं त्यानंतर. खंड १, अधिनियमन सूत्र (कायदा केला जात आहे असं सांगणारं सुरुवातीचं वाक्य) आणि शीर्षक मुद्दाम शेवटी घेतात, कारण आतल्या दुरुस्त्यांमुळे नाव किंवा लागू होण्याची तारीख बदलावी लागू शकते. मत आधी आवाजी. कुणी मतविभागणी मागितली तरच मोजणी.

दुसऱ्या सभागृहानं एका खंडात एक शब्द बदलला तरी विधेयक महासचिवांच्या संदेशासह पहिल्या सभागृहाकडे परत येतं. तिथे फक्त त्या बदलांवर विचार होतो, सबंध विधेयक पुन्हा उघडत नाही. बदल मान्य केले की दोन्हीकडे मंजूर. नाही केले तर संदेश पुन्हा उलट जातो. राज्यसभेचं खरं वजन मला इथे दिसतं: अधिवेशन संपत आलेलं असताना एक दुरुस्ती मंजूर झाली तरी सरकारला वाटाघाटीला बसावं लागतं.

रामबाग_वाचक
बरोबर. संयुक्त बैठकीतही नव्या दुरुस्त्या मनासारख्या आणता येत नाहीत. ज्यांवर मतभेद झाला त्यांच्याशी संबंधित, किंवा विलंबामुळे गरज पडलेल्या, एवढ्याच.

सुदामानगर_म
दुसरी शंका राहिली. विधान परिषद राज्यसभेसारखी मुळीच नाही. राज्यात संयुक्त बैठकच नाही. अनुच्छेद १९७ नुसार परिषद पहिल्या फेरीत जास्तीत जास्त तीन महिने अडवू शकते. विधानसभेनं तेच विधेयक पुन्हा मंजूर केलं की आणखी एक महिना. त्यानंतर परिषदेनं काहीही केलं नाही तरी ते दोन्ही सभागृहांनी मंजूर केल्याचं मानलं जातं. उलट, परिषदेत सुरू झालेलं विधेयक विधानसभेनं फेटाळलं तर ते तिथेच संपतं. धन विधेयकाला इथेही १४ दिवसच.

आंध्र प्रदेशाच्या तीन राजधान्यांचं (राजधानी तीन शहरांत विभागण्याच्या विधेयकाचं) उदाहरण लिहाच. विधानसभेनं विधेयक २० जानेवारी २०२० ला मंजूर केलं, परिषदेत ते प्रवर समितीकडे (विधेयक तपासायला नेमलेल्या सदस्यांच्या समितीकडे) पाठवायचं ठरलं आणि अडकलं. विधानसभेनं १६ जून रोजी पुन्हा मंजूर केलं, परिषदेनं विचारात न घेताच कामकाज संपवलं, महिना उलटला आणि ३१ जुलैला राज्यपालांची संमती आली. मधल्या काळात परिषद बरखास्त करण्याचा ठरावही विधानसभेनं केला होता, पण त्याला संसदेचा कायदा लागतो (अनुच्छेद १६९). पुढे तो ठराव मागे घेतला गेला.

भंवरकुआ_अभ्यासिका
खूप आभार. एक पुरवणी: मधेच लोकसभा विसर्जित झाली तर?

खंडवा_रोड
विधेयक त्या वेळी कुठे प्रलंबित होतं ते बघा. लोकसभेत प्रलंबित असेल तर बाद, मग ते राज्यसभेकडून मंजूर होऊन आलेलं का असेना. लोकसभेनं मंजूर करून राज्यसभेत प्रलंबित असेल तरी बाद. राज्यसभेत मांडलेलं आणि लोकसभेकडे अजून न पोचलेलं जिवंत राहतं. राष्ट्रपतींनी त्याआधीच संयुक्त बैठकीचा इरादा अधिसूचित केला असेल तर विसर्जनानंतरही ती बैठक घेता येते. नुसत्या सत्रसमाप्तीनं काहीच बाद होत नाही. महिला आरक्षणाचं २००८ चं विधेयक राज्यसभेनं ९ मार्च २०१० ला मंजूर केलं, लोकसभेत तसंच पडून राहिलं आणि २०१४ मध्ये बाद झालं. म्हणून २०२३ ला नवं विधेयक आणून दोन्ही सभागृहांत पहिल्यापासून मंजूर करावं लागलं.