हमी असलेल्या कर्जखात्यांचा मागोवा : एक्सेल पुरे की वेब-आधारित प्रणाली घ्यावी?

प्रश्न : कर्जविभाग_सोलापूर

नमस्कार. मी सोलापुरातील एका नागरी सहकारी बँकेच्या मुख्य कार्यालयात कर्ज विभागात काम करते. सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीच्या पत हमी न्यासाच्या, म्हणजे सीजीटीएमएसईच्या, हमीखाली आमची सुमारे दीडशे खाती आहेत; कर्ज बुडाल्यास त्याचा ठरावीक भाग हा न्यास बँकेला देतो. त्यांत टॉवेल आणि चादर विणणारे यंत्रमागधारक बहुसंख्य असून गणवेश शिवणारे काही लहान कारखानदारही आहेत. या खात्यांची नोंद आजवर एका एक्सेल फाईलमध्ये ठेवली जाते आणि ती फाईल तीन जणांच्या संगणकांवर तीन वेगवेगळ्या अवस्थांत सापडते. मागील वर्षी एका खात्याचे वार्षिक हमी शुल्क भरायचे राहून गेले, आणि ते खाते थकीत झाल्यावरच ही गोष्ट उघडकीस आली. आता एका पुरवठादाराने ब्राउझरमधून चालणारी, सर्व शाखांना लॉगिन देणारी प्रणाली सुचवली आहे. तिचे सादरीकरण देखणे आहे. पण त्यात मंजुरी आणि शिल्लक यांच्या आलेखांपलीकडे फारसे काही दिसले नाही. अशा प्रणालीत नेमके काय असावे, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

उत्तर : निवृत्त_कर्जअधिकारी

ताई, शिल्लक किती हे तुमची सीबीएस, म्हणजे बँकेची मुख्य संगणक प्रणाली, रोज सांगतेच. तेवढ्यासाठी नवे सॉफ्टवेअर विकत घेण्याचे कारण नाही. हमी बुडते ती तारखा चुकल्यामुळे, त्यामुळे पुरवठादाराला सर्वांत आधी तारखांविषयी विचारा.

पहिली तारीख हमीसाठी अर्ज करण्याची. ज्या तिमाहीत कर्ज मंजूर झाले, तिच्या पुढची तिमाही संपण्याच्या आत अर्ज जावा लागे, असा पूर्वीचा नियम होता; सध्याची अट न्यासाकडून तपासून घ्या. त्या नियमानुसार एप्रिल ते जून या काळातील मंजुरीसाठी सप्टेंबरअखेर ही मुदत असे. दुसरी तारीख शुल्काची, जी तुमच्याकडे चुकलीच आहे. तिसरीबाबत मात्र भल्याभल्यांची गफलत होते : 18 महिन्यांचा लॉक-इन काळ, म्हणजे ज्यात दावा करता येत नाही तो काळ, पहिल्या उचलीपासून मोजायचा नसतो. बँकेने कर्जाचा शेवटचा हप्ता कर्जदाराला दिल्याची तारीख आणि हमी अमलात आल्याची तारीख, यांपैकी जी नंतरची असेल तिच्यापासून तो मोजला जातो. आपल्याकडे अक्कलकोट रस्त्यावरच्या एखाद्या कारखान्याला आधी दोन मागांचे पैसे जातात, मग काही महिन्यांनी जॅकार्डचे, म्हणजे नक्षी विणणाऱ्या यंत्राचे, जातात; अशा खात्यात प्रणालीने पहिलीच तारीख धरली तर दाव्याचा दिवस चुकीचा दाखवला जाणार हे उघड आहे.

त्यानंतर एनपीएची, म्हणजे खाते अनुत्पादक ठरल्याची, तारीख. हप्ता 90 दिवसांपेक्षा जास्त थकला की खाते अनुत्पादक होते, आणि ती नोंद न्यासाच्या पोर्टलवरही मुदतीत करावी लागते. सीबीएसमध्ये एक तारीख, पोर्टलवर दुसरी आणि वसुलीच्या अर्जात तिसरी असेल, तर दावा तपासणारा तिथेच अडतो. म्हणून महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 101 खाली वसुली दाखल्यासाठी अर्ज केल्याची तारीखही याच पडद्यावर दिसली पाहिजे.

दाव्याच्या रकमेबाबतही संचालक मंडळाचा बहुधा गैरसमज असतो. एनपीएच्या दिवशी 6 लाख रुपये येणे असतील आणि हमी 75 टक्के असेल, तर हमीची रक्कम साडेचार लाख होते. परंतु दाव्याच्या पहिल्या हप्त्यात तिचेही 75 टक्के, म्हणजे 3,37,500 रुपयेच येतात. उरलेले 1,12,500 वसुलीची कारवाई पूर्ण होईपर्यंत अडकून राहतात. हे दोन आकडे वेगळे न दाखवणारी प्रणाली घेऊ नका.

उत्तर : ताळा_जुळवणारा

मी सहकारी बँकांसाठी सॉफ्टवेअर लिहितो. वरील मुद्द्यांना माझे अनुमोदन आहे. थोडी भर घालतो. प्रत्येक हमीला जो सीजीपॅन क्रमांक मिळतो, तो, उद्यम क्रमांक (उद्योगाचा सरकारी नोंदणी क्रमांक) आणि सीबीएसमधील खाते क्रमांक हे तिन्ही एकाच नोंदीत बांधलेले असावेत. एका कर्जदाराचे मुदत कर्ज आणि कॅश क्रेडिट वेगळे असते, तेव्हा केवळ नावावरून केलेला ताळा हमखास चुकतो. एकाने भरलेली तारीख दुसऱ्याने तपासल्याशिवाय कायम होऊ नये, आणि नंतर बदललेल्या तारखेची जुनी नोंद पुसली जाऊ नये. तारण व जामीनदार यांची नोंदही सक्तीची करा. हमी घेतलेल्या भागासाठी शाखेने सवयीने जामीनदाराची सही घेऊन ठेवलेली असते आणि तेवढ्यावरून दावा फेटाळला जाऊ शकतो.

उत्तर : पूर्वी_प्रकल्पात

विषयाला थोडे बाहेरचे, पण उपयोगी पडेल म्हणून लिहितो. अमेरिकी सरकारच्या यूएसएड या विकास-मदत संस्थेचा 'डेव्हलपमेंट क्रेडिट अथॉरिटी' हा विभाग अनेक देशांतील स्थानिक बँकांच्या विकासकर्जांना साधारणपणे निम्म्या मुद्दलापर्यंत हमी देत असे. पुढे हे काम डीएफसी या अमेरिकी सरकारच्याच विकास-वित्त संस्थेकडे गेले. तेथे हमी बहुधा संपूर्ण कर्जसंचाला मिळे. निकषांत बसणारे कर्ज बँक स्वतःच हमीखाली घेई आणि त्या कर्जांची यादी ठरावीक काळाने वेबवरच्या क्रेडिट मॅनेजमेंट सिस्टिममध्ये भरत असे. शुल्काची आकारणी या नोंदींतील शिल्लक रकमेवर होत असे, त्यामुळे यादी अचूक ठेवण्यात बँकेचाही स्वार्थ होता. तुमच्या प्रणालीतही शाखेने भरलेल्या माहितीवरूनच पुढच्या शुल्काचा आकडा निघू द्या. मग ती माहिती शिळी राहणार नाही.

उत्तर : टॉवेलवाला

मी कर्जदाराच्या बाजूचा आहे. माझ्या खात्यातून हमी शुल्क वजा झाले, तेव्हा ते कशाचे हे शाखेत कोणालाच सांगता आले नाही. शिवाय हमी आहे म्हणजे कर्ज बुडाले तरी सरकार भरणार, असे आमच्या वाड्यात अजूनही काही जण समजतात. ती हमी बँकेला असते आणि आमचे देणे संपत नाही, एवढे एक वाक्य शुल्काच्या संदेशात मराठीतून आले तरी पुष्कळ होईल.

प्रश्नकर्तीचे उत्तर : कर्जविभाग_सोलापूर

सर्वांचे मनापासून आभार. आज दुपारी पुरवठादाराला आमच्याच एका जुन्या खात्याचे कागद देऊन लॉक-इन कधी संपतो हे प्रणालीत काढून दाखवायला सांगितले. प्रणालीने पहिल्या उचलीचीच तारीख धरली आणि दावा तब्बल सात महिने आधीच करता येईल असे दाखवले. दुरुस्तीसाठी त्यांनी पंधरा दिवस मागितले आहेत. तोपर्यंत तीनही एक्सेल फायली एकत्र करून पोर्टलवरच्या यादीशी ताडून पाहण्याचे काम हाती घेतले आहे. पहिल्या चाळीस खात्यांतच दोन सीजीपॅन क्रमांक चुकीच्या खात्यांना लावलेले सापडले.