आत्ममुग्ध माणसाच्या आतले भांडण समजून घ्यावे, की त्याच्या वागण्याचा हिशेब मागावा?

विषय मांडणारे : निवृत्त शिक्षक, रेल्वे लाइन्स, सोलापूर

गेल्या काही वर्षांत आपल्या घरगुती भांडणांत 'नार्सिसिस्ट', म्हणजे आत्ममुग्ध, हे विशेषण सर्रास वापरले जाऊ लागले आहे. मोबाइलवरच्या दोन मिनिटांच्या चित्रफिती पाहून मुलगा वडिलांना, सून सासऱ्यांना आणि जावा एकमेकींना हे निदान चिकटवतात, आणि तिथेच त्या माणसाबद्दलचा विचार थांबतो. मला हे मान्य नाही. सिग्मंड फ्रॉइड यांनी १९१४ मध्ये या विषयावर स्वतंत्र निबंध लिहिला, तेव्हापासून मानसशास्त्राने या स्वभावाकडे नुसता फुगलेला अहंकार म्हणून पाहिलेले नाही. मनोविश्लेषक हाइन्झ कोहूट यांच्या मते लहान मुलाला आपले कौतुक करणारी, आपल्याला समजून घेणारी नजर हवी असते. ती मिळाली नाही, तर 'मी सर्वांत मोठा' म्हणणारा बालिश भाग तसाच राहतो आणि उरलेल्या व्यक्तिमत्त्वाशी कधी जोडला जात नाही. दुसरे मनोविश्लेषक ऑटो कर्नबर्ग यांनी त्याच मोठेपणामागचा मत्सर आणि संताप पाहिला. दोघांचे अनेक बाबतींत पटत नव्हते, पण माणूस आतून एकसंध नाही, हे दोघांच्याही मांडणीत आहे.

वर्गात हे मी जवळून पाहिले आहे. पहिल्या क्रमांकाचा मुलगा एका चाचणीत दुसरा आला की शिक्षकांवर पक्षपाताचा आरोप करायचा आणि त्याच दुपारी जेवणाचा डबा न उघडता बसून राहायचा. आरोप करणारा आणि उपाशी बसणारा, दोघेही तोच. आपण केवळ पहिल्याला नाव ठेवतो. दुसऱ्याशी बोलता आले, तर पहिल्याचा आवाज उतरतो, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद : एक मुलगी, दत्तनगर

सर, आपल्या विद्यार्थ्याने डबा उघडला नाही, म्हणजे उपाशी तो स्वतः राहिला. आमच्याकडे उपाशी राहण्याची वेळ आईवर यायची. ती कारखान्यातून पान-तंबाखू आणून रात्री उशिरापर्यंत विड्या वळत असे, आणि त्या मजुरीतून वडिलांच्या वाढदिवसाचा फलक चौकात लागत असे. तपासणीत विड्या बाद झाल्या, पैसे कमी आले, तर 'माझी इज्जत घालवलीस' हे तिला ऐकावे लागे. त्या माणसाच्या आतला दुखावलेला भाग शोधण्याचे काम तिने का करावे? तिच्या आतही काही दुखावलेले होते, त्याची विचारपूस कोणी केली नाही.

शिवाय प्रत्येक मोठेपणाखाली जखम असतेच, हे गृहीतकही तपासायला हवे. नेदरलँड्समधील ५६५ मुलांचा आणि त्यांच्या पालकांचा एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. आपले मूल इतरांपेक्षा श्रेष्ठ आहे, असे मानणाऱ्या पालकांच्या मुलांत पुढे आत्ममुग्धतेची लक्षणे वाढलेली दिसली; मायेच्या अभावाशी मात्र त्यांचा तसा संबंध आढळला नाही. मायेमुळे वाढला तो निरोगी आत्मसन्मान. माझे वडील चार बहिणींच्या पाठीवर झालेले एकुलते एक मुलगे, आणि आजीच्या लेखी ते राजेच होते. त्यांना कौतुक कमी पडले, असे म्हणायला मी तयार नाही. आणि 'नार्सिसिस्ट' या नावाबद्दल म्हणाल, तर ते वाचनात आले तेव्हा आपण वेड्या नाही, हे मला पहिल्यांदा पटले.

प्रतिसाद : यंत्रमाग व्यावसायिक, अक्कलकोट रोड

ताईंशी सहमत. 'माझ्यातला एक भाग तसा वागतो' ही भाषा एकदा हाती आली की माणूस कुठल्याच चुकीची जबाबदारी घेत नाही. कामगारासमोर अपमान करायचा एका भागाने, आणि माफी मागायला कोणताच भाग पुढे येत नाही.

प्रतिसाद : समुपदेशक, होटगी रोड

आधी निदानाविषयी. अमेरिकेच्या मानसोपचार नियमावलीत आत्ममुग्धतेचा व्यक्तिमत्त्व विकार १९८० मध्ये आला आणि आज तिथे नऊपैकी किमान पाच निकष दीर्घकाळ व सर्वत्र दिसावे लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणात तर हा वेगळा प्रकारच ठेवलेला नाही. स्वतःशी आणि इतरांशी असलेले नाते किती बिघडले आहे, याची तीव्रता तिथे पाहतात. म्हणून घरात बसून कोणी निदान करू नये. पण ताईंना त्या नावातून जो आधार मिळाला, तो निदानाचा नव्हता, आपल्या अनुभवावर विश्वास ठेवण्याचा होता, आणि तो काढून घेण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणालाही नाही.

सरांना एक सांगते. आत्ममुग्धतेचे दोन चेहरे मानसशास्त्रज्ञ पॉल विंक यांनी १९९१ मध्ये दाखवले : एक मिरवणारा, दुसरा सतत दुखावला जाणारा, 'माझी कोणाला किंमत नाही' म्हणून कुढणारा. हे दोन चेहरे एकाच माणसात आलटून पालटून दिसू शकतात. माझ्याकडे अशी माणसे येतात ती अहंकाराची तक्रार घेऊन नव्हे; निवृत्ती, धंद्यातली खोट किंवा पत्नीचे घर सोडून जाणे, यांनंतर आलेल्या नैराश्यामुळे येतात. तेव्हा आतल्या भागांची भाषा खरोखर उपयोगी पडते. मानसोपचारतज्ज्ञ रिचर्ड श्वार्ट्झ यांनी १९८० च्या दशकात मांडलेल्या उपचारपद्धतीत माणसाच्या मनात राखण करणारे भाग, दुःख उसळले की आग विझवायला धावणारे भाग आणि जुने दुःख घेऊन कोंडलेले भाग असे मानले जातात. मात्र हे काम खोलीचे दार लावून, महिनोन्महिने चालते. ते बायकोने स्वयंपाकघरात किंवा मुलीने जेवणाच्या ताटावर करायचे नसते.

मूळ विषय मांडणारे :

आईंवर ते काम टाकावे, असे मी म्हटलेले नाही आणि म्हणणारही नाही. व्यावसायिक बंधूंना इतकेच सांगतो की भाग अनेक असले, तरी वागण्याचे उत्तर द्यायचे ते पूर्ण माणसाने. भागांची भाषा सबब म्हणून वापरणारा ती पद्धत पाळतच नाही. पण ताई, आपल्या वडिलांना आजीने राजा केले, यातच मला माझा मुद्दा दिसतो. ज्याला राजा म्हणूनच पाहिले गेले, त्याच्यातल्या साध्या, चुकणाऱ्या, भिणाऱ्या मुलाला कोणी पाहिलेच नाही. अतिकौतुक आणि दुर्लक्ष एकाच घरात, एकाच मुलाच्या वाट्याला येऊ शकतात.

प्रतिसाद : एक मुलगी, दत्तनगर

हे शक्य आहे, पण त्या अभ्यासाने हे सिद्ध होत नाही, आणि माझ्या आईच्या दृष्टीने त्याने फरकही पडत नाही. समुपदेशक ताई, वडील कुठेही यायला तयार नाहीत. अशा घरातल्या माणसाने काय करायचे?

प्रतिसाद : समुपदेशक, होटगी रोड

आईंनी एकटीने यावे. त्यासाठी वडिलांची संमती लागत नाही, आणि पहिल्या भेटीत त्यांच्याविषयी बोललेच पाहिजे, असेही नाही. बाहेर पडणे अवघड असेल, तर केंद्र सरकारची टेलिमानस ही फोनवरून मानसिक आरोग्यासाठी मदत करणारी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आहे. मराठीत बोलता येते.