१८७५ चे दख्खनचे दंगे : आयोगाचा अहवाल हेच मूळ साधन ना?

भीमाकाठची :
एम.ए.चं दुसरं वर्ष. चार हजार शब्दांचा शोधनिबंध द्यायचाय. आमचं गाव दौंडजवळ. आजीच्या पेटीत मोडीतले पाच-सहा कागद निघाले, एकावर स्टँपचा ठसा आहे, त्यावरून हा विषय घेतला : पुणे-नगरकडच्या शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध केलेले दंगे. दंग्यांची चौकशी करायला सरकारने नेमलेल्या आयोगाचा अहवाल इंटरनेटवर मिळाला. आठ दिवस वाचतेय, रेघा मारतेय. आराखडा केला : कारणे, स्वरूप, परिणाम. सर म्हणाले, हे गाईड झालं, साधनं कुठायत? अहवाल हे साधन नाही का?

कऱ्हेपठार :
एक आधी सांगतो. दंगे सुपे गावातून सुरू झाले, पण सुपे दोन आहेत. १२ मे १८७५ ला बाजारात सावकारांची दुकानं लुटली गेली ते सुपे तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातलं, आजच्या बारामती तालुक्यातलं. पारनेरचं सुपे वेगळं. पारनेर तालुक्यातही दंगे झाले, म्हणून घोळ होतो. नकाशा पहिल्या पानावर घे.

जुनी मास्तरीण :
अहवाल साधन आहेच. पण कशाचं, ते आधी ठरव. १८५७ ची आठवण ताजी होती, वरून दबाव आला म्हणून मुंबई सरकारने आयोग नेमला. दंग्याला सरकारी शेतसारा कारणीभूत आहे का, हे त्याने बघायचं होतं. उत्तर आलं : नाही, दोष सावकाराचा. पण १८६७ पासून साऱ्याची जी फेरआकारणी झाली तिच्यात काही ठिकाणी सारा ५० ते १०० टक्के वाढला होता. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे चढलेला कापसाचा भाव युद्ध संपून पडल्यावर ही वाढ आली. सरकार स्वतःबद्दल काय म्हणत होतं, याचं हा अहवाल उत्तम साधन आहे.

मी शिकत होते तेव्हा ते उत्तर तसंच उतरवलं आणि आधाराला पुणे जिल्ह्याचं १८८५ चं गॅझेटियर, म्हणजे सरकारने छापलेला जिल्ह्याचा माहितीग्रंथ, जोडलं. दोन ठिकाणी एकच लिहिलंय म्हणजे पक्कं, असं वाटलं. गॅझेटियरमधला तो मजकूर आयोगाच्या अहवालावरूनच घेतलेला निघाला. एकाच साक्षीदाराला मी दोनदा उभं केलं होतं. अख्खं प्रकरण पुन्हा लिहावं लागलं, म्हणून तुला कळकळीने सांगते.

‘कारणे, स्वरूप, परिणाम’ सोड. चार हजार शब्दांत एक प्रश्न मावतो. हा बघ : लोकांनी माणसांना सोडून कर्जाचे कागद का जाळले? सावकाराने खतं (कर्जरोखे) मुकाट्याने काढून दिली तिथे बहुधा त्याला हात लावला नाही, दिली नाहीत तिथे दहशत घातली. म्हणजे राग नेमका खतावर होता. मग १८५९ च्या मुदतीच्या कायद्याकडे जा. खत तीन वर्षंच चालणार, म्हणून सावकार दर तीन वर्षांनी नवं खत लिहून घ्यायचा, थकलेलं व्याज मुद्दलात घालून. रयतेला वाचता येत नव्हतं, निशाणी मात्र तिची.

आता अडचण अशी की जी खतं वाचायला हवीत तीच जळाली. उरल्या त्या अहवालाच्या परिशिष्टातल्या जबान्या. कुणबी मराठीत बोलला, कारकुनाने टिपलं, इंग्रजी झालं, त्यातलं निवडून छापलं. वहीत प्रत्येक उताऱ्यापुढे पान क्रमांक आणि तीन गोष्टी लिही : कोण बोललं, कोणापुढे, त्यात त्याचं काय अडलेलं होतं. रेघा मारून हे होत नाही.

आणि पेटीतले कागद लॅमिनेट करू नकोस. फोटो काढ आणि मोडी जाणणाऱ्याकडे जा.

भीमाकाठची :
मास्तरीणबाई, कागद वाचून घेतला! कर्जखतच आहे, १८७२ चं. आधीच्या खताची बाकी आणि व्याज मिळून नवी रक्कम, रोख काहीच दिलेलं नाही. तुम्ही म्हणालात तस्संच. कर्ज घेणारा आमच्या पणजोबांचा आजा. अंगावर काटा आला. निबंधाची सुरुवात यानेच करू?

जुनी मास्तरीण :
कर. पण हे एक खत आहे, ‘सगळीकडे असंच होतं’ असं त्यावरून लिहू नकोस. पडताळ्याला जबान्या आहेत.

आणि बाई, एक सांग. खत सावकाराकडे राहतं, देणं फिटलं की परत मिळतं. मग हे तुमच्या पेटीत कसं आलं? मागची बाजू वाचून घेतलीस का? फेडीच्या नोंदी बहुतेक तिथे करत. नोंद असली तर फेडून आलं असेल. मागे कोरंच असेल, तर मे १८७५ मध्ये तुमच्या गावात काय झालं ते शोधायला लाग.

भीमाकाठची :
मागची बाजू बघितलीच नाही. आत्ता आईला फोन लावते.