हायडनच्या १०४ सिम्फन्यांतून सहा बैठकांसाठी निवड : कोणत्या घ्याव्यात, कोणत्या क्रमाने?

कृष्णाकाठ (सांगली)

नमस्कार मंडळी. डिसेंबर ते मे, महिन्यातून एका रविवारी सकाळी दीड तास, अशा सहा श्रवणबैठका सांगलीत ठरल्या आहेत. विषय एकच : अठराव्या शतकातला ऑस्ट्रियन रचनाकार योझेफ हायडन याच्या सिम्फन्या, म्हणजे ऑर्केस्ट्रासाठी बांधलेल्या, अनेक भागांच्या रचना. श्रोते ३५-४०. कान तयार आहेत, पण ते ख्याल आणि नाट्यपदांवर तयार झालेले. मिरजेचे काही तंतुवाद्य कारागीरही येणार आहेत. स्टाफ नोटेशन (पाश्चात्त्य स्वरलिपी) कुणालाही येत नाही असं धरून चाला.

अडचण निवडीची आहे. सगळीकडे 'सरप्राइज', 'क्लॉक', 'मिलिटरी', 'फेअरवेल' हीच नावं सुचवली जातात. टोपणनाव असलेल्याच घ्याव्यात का? सुरुवात कुठून करावी? रेकॉर्डिंग कुणाचं? आणि अशा बैठकीत नेमकं काय फसतं, तेही सांगा.

पांढरीपाच

आधी क्रमांकांचा घोळ. ते हायडनने दिलेले नाहीत, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मांडिचेव्स्की या अभ्यासकाने लावले. ढोबळमानाने कालक्रम आहे, पण मध्येच खड्डे आहेत. ३७ क्रमांकाची सिम्फनी १७५८ पर्यंत लिहून झाली होती. ७२ क्रमांकाची, चार हॉर्नवाली, १७६० च्या दशकातली आहे. त्यामुळे ओळीने ऐकत गेलात तर ७१ वरून ७२ वर येताना पंधराएक वर्षं मागे जाल. टोपणनावंही बहुतेक इतरांनी चिकटवलेली. ९६ ला 'मिरॅकल' म्हणतात, ते सभागृहातलं झुंबर कोसळूनही कुणाला मोठी इजा झाली नाही म्हणून. प्रत्यक्षात ते झुंबर पडलं १०२ च्या पहिल्या प्रयोगाला, १७९५ मध्ये. तेव्हा नावावर जाऊ नका.

माझं मत स्पष्ट आहे : सुरुवात ८८ ने करा. तिला टोपणनाव नाही, लांबी साधारण २२ मिनिटं, आणि समेची वाट पाहायची सवय असलेल्या कानाला हायडन जिथे पकडतो त्या सगळ्या जागा तिच्यात आहेत.

मूळ षड्ज पांढरी पाच (पेटीची पाचवी पांढरी पट्टी). पहिल्या भागात तो हळूहळू पांढरी दोनवर, म्हणजे पंचमावर, बिऱ्हाड हलवतो आणि पंचमालाच षड्ज मानायला लावतो. मग बरंच भटकून पांढरी पाचवर परत. तंबोरा नसल्यामुळे मूळ षड्ज धरून ठेवायचं काम श्रोत्याच्या कानावर येतं. हे आधी सांगितलं नाही तर 'सूर फिरतोय' असं वाटून माणसं दहाव्या मिनिटाला सुटतात. हार्मोनियमवर पांढरी पाच धरा, मग पांढरी दोन, आणि पुन्हा पाच. दोन मिनिटांचं काम आहे, पण ते टाळू नका.

दुसरा भाग, लार्गो, हे या सिम्फनीचं काळीज. ओबो (फुंकायला दुहेरी पत्ती, म्हणजे सनईच्या नात्यातला) आणि एकटा चेलो (व्हायोलिनच्या जातीचं, खालच्या सुरांचं वाद्य) एकच धून एका सप्तकाच्या अंतराने धरतात. धून जवळजवळ बदलतच नाही. बदलतं ते तिच्याभोवतीचं : कधी तारा नुसत्या छेडलेल्या, कधी वर व्हायोलिनची बारीक नक्षी. मुखडा तोच ठेवून त्याच्याकडे येण्याच्या वाटा बदलत जाव्यात, तसं. आणि मग ट्रम्पेट व टिंपनी (मोठे नगारे) कडाडतात. या वाद्यांनी अख्ख्या पहिल्या भागात एकही सूर वाजवलेला नसतो. संथ भागासाठी त्यांना राखून ठेवणं हा त्या काळात मोठा धाडसी निर्णय होता. श्रोत्यांना आधी फक्त एवढंच सांगा : 'पहिल्या भागात टिंपनी ऐकू येतात का बघा.' पुढचं ते स्वतः पकडतील.

शेवटच्या भागात मुखडा परत येण्याआधी हायडन त्याचा दोन सुरांचा उठाव नुसता घोळवत बसतो. आता येणार, आता येणार, आणि येत नाही. तिहाईची सम हुकवून पुढच्या आवर्तनात पकडणारा तबलजी ज्यांनी ऐकलाय, त्यांना इथे अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

समेवर

८८ उत्तमच, पण पहिली नको. पहिली १०४ ठेवा. हायडनची ही शेवटची सिम्फनी, लंडनसाठी लिहिलेली, १७९५. कारण अगदी साधं : ती उघडते तीच षड्ज-पंचमावर. सगळी वाद्यं एकदम, फक्त सा आणि प. षड्ज पांढरी दोन. शेवटचा भाग सुरू होतो तो हॉर्न आणि चेलोंनी खालचा षड्ज लांब धरून, आणि त्यावर लोकगीताच्या वळणाची धून. मिरजेचा कारागीर तिथे मान हलवणारच, त्याचा तंबोराच तो. शिवाय पहिल्या भागात पंचमावर गेल्यावर हायडन नवी धून आणत नाही, तीच चीज नव्या षड्जावर मांडतो. षड्ज सरकणं म्हणजे काय हे दाखवायला यापेक्षा सोपा नमुना नाही, कारण ओळखीची चीज हाताशी असते. ८८ दुसऱ्या बैठकीला घ्या, तोवर कान बसलेला असेल.

'फेअरवेल', ४५ क्रमांकाची, मात्र नावाजलेली असली तरी सोडू नका. षड्ज काळी तीन, गंधार कोमल. त्या काळच्या सिम्फनीत हा षड्ज जवळपास कुणी घेत नसे, आणि त्यामागचं कारण कारागिरांच्या मतलबाचं आहे. त्या वेळच्या हॉर्नला कळा नव्हत्या. एका नळीतून त्या नळीचे नैसर्गिक स्वयंभू स्वर तेवढे निघत. षड्ज बदलायचा तर वेगळ्या लांबीचं वेटोळं जोडायचं. काळी तीनसाठी अर्ध्या स्वराची जास्तीची वेटोळी १७७२ मध्ये मुद्दाम करवून घ्यावी लागली. म्हणजे नळीचं काम झालं तेव्हा हा षड्ज शक्य झाला.

प्रसंग सगळ्यांना माहीत असतो : हायडन ज्याच्या पदरी होता त्या राजपुत्र निकोलाउस एस्टरहाझीने वादकांना उन्हाळी महालात लांबवर थांबवून ठेवलं, बायकापोरं तिकडे आयझेनश्टाट गावी. आता घरी जाऊ द्या, हे हायडनने सुरांतून सुचवलं. शेवटचा जलद भाग पंचमावर अचानक थांबतो आणि संथ, तीन मात्रांचा नवाच तुकडा सुरू होतो. त्यात एकेक वादक आपला तुकडा वाजवून उठतो. क्रम असा : पहिला ओबो आणि दुसरा हॉर्न, मग बासून (खालच्या सुरांचं फुंकवाद्य), मग दुसरा ओबो आणि पहिला हॉर्न, मग डबल बेस, मग चेलो, मग बाकीची व्हायोलिनं, व्हायोला. उरतात दोन व्हायोलिनं, आवाज दबका करणारी चाप लावलेली. आणि कोमल गंधाराचा ताण सुटून शेवट शुद्ध गंधारावर होतो.

नुसत्या रेकॉर्डिंगवर हे उठून जाणं हमखास फसतं. कुणी उठताना दिसत नाही, त्यामुळे लोकांना फक्त 'आवाज कमी होतोय' एवढंच कळतं. उपाय : फळ्यावर वाद्यांची नावं खडूने लिहा आणि ज्याचं काम संपेल त्याचं नाव पुसत जा. बोलू नका, फक्त पुसा. पुसणाऱ्याने आधी तीन-चार वेळा ऐकून सराव केला पाहिजे. डबल बेसचा तुकडा ही ओळखायची खूण, तो संपला की पुढची पुसापुशी भराभर होते.

अजिंक्यताऱ्याखाली (सातारा)

निवडीत मी पडत नाही, आवाजाचं सांगतो. बैठक बहुतेक वेळा तिथेच फसते.

ॲपमधली आवाज सारखा करणारी सोय (नॉर्मलायझेशन) बंद करा. फोन, टीव्ही आणि काही साउंडबारमध्ये 'नाइट मोड' असतो, तोही बंद. या सोयी मोठा आवाज दाबतात आणि लहान आवाज उचलतात. ९४ मध्ये, म्हणजे 'सरप्राइज'मध्ये, दुसऱ्या भागाची धून आधी हळू, मग त्याहून हळू येते आणि १६ व्या बारमध्ये (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक छोटा गट) सगळा ऑर्केस्ट्रा आघात करतो. सोय चालू असेल तर तो आघात टाळीएवढा ऐकू येतो आणि लोक विचारतात, यात दचकण्यासारखं काय होतं? आवाज लावायची रीत : पंखे बैठकीत असतील तितकेच चालू ठेवा, शेवटच्या रांगेत माणूस बसवा, आणि दुसऱ्यांदा येणारी ती अगदी हळू धून त्याला जेमतेम ऐकू येईल इतकाच आवाज ठेवा. मग आघात आपोआप योग्य ठिकाणी बसतो. उलट केलंत, म्हणजे हळू धून खणखणीत ऐकू यावी म्हणून आवाज वाढवलात, तर आघाताला स्पीकर फाटतो.

एका ब्लूटूथ डब्यावर ३५ माणसांना ऐकवू नका. दोन स्पीकर, तारेने जोडलेले, एकमेकांपासून अडीच ते तीन मीटर, कानाच्या उंचीवर. पहिली आणि दुसरी व्हायोलिनं समोरासमोर बसवलेली असली तर त्यांचे सवाल-जवाब डावी-उजवीकडून येतात. एका डब्यात ते एकमेकांत कालवले जातात. फाइल आधी उतरवून ठेवा. लार्गोच्या मध्यावर साबणाची जाहिरात आली की बैठक मोडली. शफल बंद आहे ना, तेही बघा.

आणि पांढरीपाच यांनी हार्मोनियम सुचवलीय, तिथे एक सावधगिरी. जुन्या पद्धतीच्या वाद्यांवरची रेकॉर्डिंग्ज बऱ्याचदा पांढरी सहा ४३० हर्ट्झवर (सेकंदाला ४३० कंपनं) लावलेली असतात, काही ४१५ वर. तुमची पेटी ४४० ला असेल तर ४१५ चं रेकॉर्डिंग जवळजवळ एक पट्टी खाली येईल, आणि ४३० चं ना इकडे ना तिकडे. मिरजेच्या मंडळींना ते टोचणारच. एकतर पेटीबरोबर आधुनिक वाद्यांचं रेकॉर्डिंग घ्या, नाहीतर पेटीऐवजी तंबोरा ठेवा आणि तो रेकॉर्डिंगला लावून घ्या. मला दुसरा मार्ग पसंत.

रेकॉर्डिंग : अंताल डोराती आणि फिलहार्मोनिया हंगारिका (डेक्का, १९६९ ते १९७२) हा संपूर्ण संच भरवशाचा. अॅडम फिशरचा संपूर्ण संच आयझेनश्टाटच्या एस्टरहाझी वाड्यातल्या हायडन सभागृहात घेतलेला आहे, १९८७ ते २००१. तिथली गुंज मोठी, त्यामुळे जलद भागात बारीक काम थोडं धुरकट होतं. ४५ आणि ४७ साठी ट्रेवर पिनॉक आणि इंग्लिश कॉन्सर्ट. वादक कमी, तारा आतड्याच्या, त्यामुळे एकेक आवाज सुटा ऐकू येतो. जियोव्हानी अँतोनिनी २०३२ पर्यंत, म्हणजे हायडनच्या तीनशेव्या जयंतीपर्यंत, सगळ्या पूर्ण करतो आहे. झालेल्यांतल्या बऱ्याच फार जिवंत आहेत.

कृष्णाकाठ (सांगली)

मंडळी, मनापासून आभार. फळ्याची युक्ती नक्की करणार, तंबोराही. दोन शंका. दीड तासात दोन सिम्फन्या बसतात, बसवाव्यात का? आणि कारागिरांसाठी वाद्याच्या अंगाने आणखी काही आहे का?

पांढरीपाच

दोन नकोत. एकच, पण दोनदा. दहा मिनिटं षड्जाची ओळख, २२ ते २८ मिनिटं सलग श्रवण, वीस मिनिटं निवडक तुकडे थांबवून दाखवायला, आणि मग पुन्हा अख्खी. दुसऱ्या वेळी खोलीतली शांतता वेगळीच असते. अपवाद ४७ चा. तिच्यातलं मिन्युएट (तीन मात्रांच्या नाचाचा भाग) आधी चार वेळा सुटं ऐकवा. 'चिमा काय कामाची' आपण लहानपणी उलटसुलट वाचतो ना, तेच इथे सुरांत आहे : पहिले १० बार वाजतात, आणि मग तेच १० बार शेवटच्या सुरापासून मागे. पहिल्या फेरीत उलटं कळत नाही. जोरात वाजणारे सूर कुठे पडतात यावर लक्ष ठेवायला सांगा, उलट फेरीत ते जोर उलट्या क्रमाने येतात. पुनरावृत्त्या गाळलेलं रेकॉर्डिंग या सिम्फनीला चालत नाही.

समेवर

कारागिरांसाठी ६० घ्या, १७७४ ची, नाटकाच्या संगीतातून झालेली, सहा भागांची. शेवटचा भाग जोरात सुरू होतो आणि थोड्याच वेळात थांबतो, कारण व्हायोलिनची खालची तार उतरलेली! वादक भर मैफलीत मोकळ्या तारा वाजवून बघतात, खालची तार पांढरी चारवरून पांढरी पाचवर चढवतात आणि पुढे निघतात. हे सगळं हायडनने लिहून दिलेलं आहे. तार आधीच्या भागांत बरोबर हवी आणि शेवटच्या भागाला उतरलेली हवी, म्हणजे वादकाने ती मध्येच गुपचूप उतरवायची. घाईत खुंटी सरकली तर खरोखरच बेसूर, आणि मग गंमत जाते.

२२ पण बघा, १७६४ ची. नेहमीच्या ओबोंच्या जागी दोन कोर आंग्ले, ओबोचा खर्जातला भाऊ. व्हायोलिनला चाप, आणि सुरुवातच संथ भागाने. लांबी वीस मिनिटांच्या आत. आणि ६ क्रमांकाची, एस्टरहाझींकडे रुजू झाल्यावर १७६१ मध्ये लिहिलेली : उगवत्या सूर्यापासून सुरुवात, प्रत्येक मुख्य वादकाला एकट्याची जागा, डबल बेसलासुद्धा. पहिल्या भागात मुखडा परतायची वेळ होते तेव्हा बासरीच्या थोडा आधीच हॉर्न तो उचलतो. मैफलीत साथीदार उत्साहात आधी सुटावा तसा, पण हेही लिहिलेलंच.

माझा क्रम : १०४, ८८, ६, ४५, ४७ (जोडीला ६० चा फक्त शेवटचा भाग), आणि मे महिन्यात ९०.

कृष्णाकाठ (सांगली)

९० का? ती कुणीच सुचवत नाही.

समेवर

शेवटच्या भागासाठी. षड्ज पांढरी एक, ट्रम्पेट-टिंपनीसह दणक्यात समाप्ती होते, आणि मग चार बार पूर्ण शांतता. लोक टाळ्या वाजवतात. तेवढ्यात हळूच, अर्धा स्वर वर, काळी एकवरून तीच धून पुन्हा सुरू. पुनरावृत्ती घेतलेलं रेकॉर्डिंग असेल तर हे दोनदा होतं, आणि दुसऱ्यांदाही लोक फसतात. पाच बैठकांत षड्ज धरायला शिकलेल्या कानाला तो अर्ध्या स्वराचा चढ पहिल्याच सुरात कळेल, म्हणून ही शेवटी.

फक्त प्लेअरपाशी बसणाऱ्याला आदल्या दिवशी सांगून ठेवा : चार बारच्या शांततेत बटणाला हात लावायचा नाही आणि दिवे लावायला उठायचं नाही.