आईबाबा वेगळे झालेत, यात शाळेने पडावं का?

दोनदप्तरं:
आम्ही मागच्या वर्षी वेगळे झालो, मुलगी चौथीत आहे. मी विश्वासाने वर्गशिक्षिकेला सांगितलं तर दुसऱ्या दिवसापासून तिला पुढच्या बाकावर बसवलं, होमवर्क राहिला तरी कोणी काही बोलेना, आणि आठवड्याने ती मला विचारते, आई मी आजारी आहे का, सगळे माझ्याशी असं हळू का बोलतात. तेव्हापासून माझं स्पष्ट मत आहे की शाळेने यात पडूच नये. पोरांना एक तरी जागा हवी जिथे काही बदललेलं नाही, तेच बाक, तीच मैत्रीण, चुकलं की तोच ओरडा.

खडूफळा:
ताई, २२ वर्षं शिकवतेय, त्या बाईंनी कीव केली ते चुकलंच. पण शाळा पडत नाही म्हणजे काय हो? फॉर्मवर एकच फोन नंबर, 'दोघांची सही आणा', वर्गासमोर वाचायचा 'माझं कुटुंब' निबंध, हे सगळं शाळाच करते ना. माझ्या वर्गात एक मुलगा दर सोमवारी वही विसरायचा, मी तीन महिने त्याला उभं केलं, मग कळलं की शनिवार-रविवार तो वडिलांकडे असतो आणि वही तिकडेच राहते. पुस्तकांचा एक जादा संच वर्गाच्या कपाटात ठेवला आणि शाळेची वही शाळेतच ठेवायला सांगितली, बास. वर्गात कोणाला पत्ताही लागला नाही. त्या तीन महिन्यांचं मला अजून वाईट वाटतं.

रविवारचा बाबा:
वह्यांचं पटलं, त्याच्या पुढे जाऊ नका. आमच्या केसमध्ये मुलगा समुपदेशकाशी काय बोलला ते वकिलाने कोर्टात मागितलं, त्यानंतर तो शाळेत कोणाशीच मनातलं बोलला नाही. शाळेने कागद नीट करावेत. मुलाला दोन्ही पालकांशी संबंध ठेवायचा हक्क आहे हे संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क कराराच्या नवव्या कलमातच आहे, कोर्टाची मनाई नसेल तर प्रगतीपुस्तकाची दुसरी प्रत मला का मिळू नये? पालकसभा कधी झाली ते मला मुलाकडून कळतं, आणि निरोप्या होणं त्याला अजिबात आवडत नाही. बाकी मुलं सावरतात हो. मेव्हिस हेदरिंग्टन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १४०० च्या आसपास कुटुंबांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला, घटस्फोट झालेल्या घरांतल्या साधारण २५ टक्के मुलांना गंभीर अडचणी आल्या, बाकीच्या घरांत १० टक्के.

मागचा बाक:
दादा, म्हणजे चारातली तीन सावरतात, पण चौथा कोण हे बघून कळत नाही. तो मी होतो. मार्क चांगले, दंगा नाही, म्हणून सगळ्यांना वाटलं ठीक आहे. अख्ख्या शाळेला माहीत होतं आणि कोणी एक शब्द काढला नाही, आणि मी दोन वर्षं मनात धरून बसलो की मी सहलीचे पैसे मागितले म्हणून आईबाबांचं भांडण झालं. अमेरिकेत रॉचेस्टरला १९८२ मध्ये शाळेतच अशा मुलांचे छोटे गट सुरू झाले, त्यात मुलांना शिकवायचे की कुठला प्रश्न तुझा आहे आणि कुठला मोठ्यांचा, जो तुला सोडवता येणार नाही. हे एवढं एक वाक्य मला कोणी सांगितलं असतं तर!

दोनदप्तरं:
सहलीचं वाचून गलबलून आलं. पण गट म्हटलं की आठवड्यातून एकदा सगळ्यांसमोर तिला वर्गातून उठवून नेणार, मग डब्याच्या सुट्टीत प्रश्न सुरू.

खडूफळा:
गट नको तर नको. पण एक माणूस तरी असावा, शिपाईकाका असले तरी चालेल, खेळाच्या बाई असल्या तरी चालेल, आणि तो मुलीने निवडावा. तिला विचारलंय का, शाळेत कोणाला कळलेलं चालेल?

दोनदप्तरं:
नाही विचारलं. मी थेट बाईंकडेच गेले होते.

रविवारचा बाबा:
विचारा, पण ती कोणाचं नाव घेते ते फाइलवर येऊ देऊ नका. यावर माझं मत बदलणार नाही.

दोनदप्तरं:
आत्ताच विचारलं. लायब्ररीच्या बाई म्हणाली. मी त्यांना आजवर भेटलेलेही नाही. आणि म्हणाली, बाईंना सांग मला माझ्या जुन्या बाकावर बसायचंय.